केराप्पा आणि चार भागांचा भोंगा

एका गावात सोसायटीची एक इमारत होती आणि त्या इमारतीला एक भोळा रखवालदार होता. त्याचं नाव केराप्पा.

भोळा म्हणजे किती? एकदा त्याची बायको हौसा धुणं घेऊन विहिरीवर निघाली. जाताना म्हणाली, "चुलीवर भात आहे. शिजला की मला हाक मारा." विहीर अर्ध्या मैलावर. भात शिजला. केराप्पानं चुलीपाशी बसल्या बसल्या, साध्या आवाजात "हौसा" अशी हाक मारली. एकदाच. ओ आली नाही. मग तो भाताकडं बघत बसला. हौसा परत आली तेव्हा पातेल्यात कोळसा होता.

"अहो, हाक मारायला सांगितलं होतं ना?"

"मारली की. तूच ओ दिली नाहीस."

हौसानं कपाळाला हात लावला. लग्न होऊन सहा वर्षं झाली होती आणि त्या सहा वर्षांत तिचा निम्मा वेळ कपाळाला हात लावण्यात गेला होता. उरलेला निम्मा जावेचे टोमणे ऐकण्यात. कारण नवरा-बायको थोरल्या दिराच्या पडवीत राहत होते. पडवीला एका बाजूनं भिंत नव्हती. त्या बाजूनं ऊन यायचं, पाऊस यायचा आणि जाऊ यायची.

रखवालदाराच्या नोकरीबरोबर इमारतीच्या मागची पत्र्याची एक खोली मिळत होती. चारी बाजूंनी भिंती असलेली. हौसा चेअरमन तात्यांच्या घरी चार वेळा गेली, तात्यांच्या बायकोचे पाय चेपले, आणि नवऱ्याला नोकरी लावूनच उठली.

तात्या म्हणाले, "पंधरा दिवस बघतो. जमलं तर खोली तुमची. नाही जमलं तर पडवी आहेच."

हौसानं त्याच दिवशी खोलीला निळा रंग दिला.

आता ती इमारत. खाली तीन खोल्या. एकीत दूध डेअरी, एकीत खत-पेंडीचं गोदाम, एकीत महिला मंडळाचं मसाला कांडप. वर वाचनालय. आणि सगळ्या इमारतीला मिळून एक भोंगा. गोदामातून दोनदा पोती गेली म्हणून तो बसवला होता. भोंगा चांगला होता, फक्त त्याला काही कळत नव्हतं. डेअरीचं दार उघडलं की वाजायचा. वाचनालयात मांजर शिरलं की वाजायचा. कांडपात बायका आल्या की वाजायचा. शेवटी गावानं त्याच्याकडं लक्ष देणंच सोडलं. तिसऱ्यांदा पोती गेली तेव्हा तो तासभर वाजत होता आणि लोक त्या आवाजात निवांत जेवत होते.

मग तात्यांनी तालुक्याहून यासीन मिस्त्रीला बोलावलं. त्यानं दोन दिवस तारा ओढल्या आणि भोंग्याचे चार भाग केले. भोंगा एकच, पण प्रत्येक दाराशी बटणांची वेगळी पाटी. प्रत्येक पाटीचा वेगळा नंबर. लाल दिवा म्हणजे तो भाग चालू, हिरवा म्हणजे बंद. डेअरी उघडायची तर डेअरीपुरता भाग बंद करायचा, बाकीचे तीन चालूच.

मिस्त्रीनं केराप्पाला समोर बसवून समजावलं.

"असं समज, चार भाऊ एकत्र राहत होते. एकाच्या घरात भांडं पडलं की चौघं उठायचे. आता त्यांच्या वाटण्या झाल्या. एका भागाचा दुसऱ्याशी संबंध नाही. कळलं?"

केराप्पाच्या डोळ्यांत पाणी आलं. "भांडण कशावरनं झालं?"

"भांडण नाही रे. सोयीसाठी केलंय."

"सगळे असंच म्हणतात," केराप्पा म्हणाला.

मिस्त्रीनं घाम पुसला. "बरं, ऐक. भिंतीवर एक डोळा बसवलाय. आत काही हललं की त्याला दिसतं आणि भोंगा वाजतो. म्हणून आधी आत बघायचं. काही हलत नाही ना, याची खात्री करायची, मगच भाग चालू करायचा. आणि नंबर कुणालाही सांगायचा नाही."

केराप्पानं मान डोलावली आणि पाठ करत सुटला: "हलत नाही, खात्री केली, चालू केला."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकरा वाजता तो वाचनालयाच्या दारातून आत डोकावला. आत पाच म्हातारे होते. उपळेकर गुरुजींनी अग्रलेखावर हनुवटी टेकली होती आणि डोळे मिटले होते. एक जण भिंतीकडं बघत होता. एक जण मासिकातल्या एका नटीच्या फोटोकडं बघत होता, कधीपासून ते त्यालाही सांगता आलं नसतं. उरलेले दोघं बुद्धिबळाला बसले होते आणि खेळी त्यांच्यातल्या जास्त म्हाताऱ्याची होती.

काही हलत नव्हतं. केराप्पानं पाच मिनिटं बघून खात्री केली. बाहेरून कडी घातली, नंबर दाबला. लाल दिवा लागला.

थोड्या वेळानं गुरुजींनी जांभई दिली. भोंगा वाजला. केराप्पानं तो बंद केला, परत चालू केला आणि खिडकीतून आत तोंड घातलं.

"गुरुजी, हलू नका. भाग चालू आहे."

"अरे, दार उघड!"

"दार उघडलं तरी वाजतं, गुरुजी. तुम्ही वाचा की. फक्त पान उलटू नका."

पाचही म्हातारे दीड तास पुतळ्यासारखे बसले. गुरुजींच्या नाकावर माशी बसली, तिला त्यांनी बसू दिलं. एकाला लघवीला जायचं होतं, त्यानं देवाचं नाव घेतलं, तेही ओठ न हलवता. मग गुरुजींना शिंक आली.

या वेळी मात्र भोंगा इतका वेळ वाजला की तात्या पळत आले.

"केराप्पा, बंद कर आधी ते! नंबर काय आहे?"

"नंबर कुणालाही सांगायचा नाही. मिस्त्री म्हणलेत."

"अरे, मी चेअरमन आहे!"

"चेअरमन सोडून कुणालाही, असं नाही म्हणले."

शेवटी केराप्पानं तात्यांना भिंतीकडं तोंड करून उभं केलं, मग नंबर दाबला. म्हातारे बाहेर आले. एक जण थेट पळतच गेला, आणि त्याला पळताना गावानं वीस वर्षांत पाहिलं नव्हतं.

"लेका, डोकं आहे का तुला?" तात्या ओरडले. "हलतंय का ते कसलं बघतोस? माणूस आहे का ते बघायचं! आत माणूस दिसला तर हाताला धरून बाहेर काढायचा, आणि मग भाग चालू करायचा."

केराप्पानं मान डोलावली आणि पाठ करत गेला: "माणूस दिसला, हाताला धरला, बाहेर काढला."

दुसऱ्या दिवशी तो महिला मंडळाच्या खोलीशी गेला. आत कांडप यंत्र धडधडत होतं. नऊ बायका मिरच्या निवडत होत्या आणि मधोमध सुलोचनाक्का उभ्या होत्या. सुलोचनाक्का मंडळाच्या अध्यक्ष. त्यांच्यासमोर तात्यासुद्धा पानाची पिचकारी गिळायचे.

केराप्पाला आत माणूस दिसला. त्यानं सरळ जाऊन सुलोचनाक्कांचा हात धरला आणि ओढत दाराकडं चालू लागला.

यंत्र थांबलं. नऊ बायकांचे श्वास थांबले. सुलोचनाक्कांचा मोकळा हात मात्र थांबला नाही. तो मघापासून तिखटात होता. केराप्पाच्या गालावर पाच बोटं उठली आणि ती दोन दिवस जळत राहिली.

"हा माणूस इथं राहणार असेल तर मंडळ दुसरीकडं जाईल," सुलोचनाक्कांनी तात्यांना सुनावलं.

तात्या हात जोडून उभे होते. केराप्पा ओल्या फडक्यानं गाल दाबत होता.

"तुम्हीच म्हणला होता, तात्या. हाताला धरून."

"अरे, बाईमाणसाच्या हाताला? बाई असली तर लांब उभं राहायचं. हात जोडायचे. नजर खाली ठेवायची. आणि अदबीनं म्हणायचं, 'बाई, जरा बाहेर येता का?' मग त्या येईपर्यंत थांबायचं. घाई करायची नाही."

केराप्पानं मान डोलावली. गाल दुखत होता तरी पाठ केलं: "लांब उभा, नजर खाली, घाई नाही."

त्यानंतर दोन दिवस काही झालं नाही. हौसा देवाला नारळ फोडायच्या विचारात होती. तिसऱ्या दिवशी दुपारी गोदामाचा भोंगा वाजला.

केराप्पा धावला. गोदामाचं दार नीट लागलं नव्हतं आणि ते ढकलून एक म्हैस आत शिरली होती. काळीभोर, शिंगं वळलेली, आणि तोंड पेंडीच्या पोत्यात. केराप्पानं तिला पुढून बघितलं, मागून बघितलं. म्हैस म्हणजे बाईच.

तो लांब उभा राहिला. हात जोडले. नजर खाली केली.

"बाई, जरा बाहेर येता का?"

म्हशीनं एकदा मान वर करून बघितलं आणि दुसरं पोतं फोडलं.

केराप्पानं घाई केली नाही. वर भोंगा केकाटत होता, खाली हा हात जोडून उभा. शेजारच्या डेअरीतल्या माणसांनी दारातून डोकी काढली. केराप्पानं त्यांना परत पाठवलं. "तुमचा संबंध नाही. वाटण्या झाल्यात."

नजर खाली असल्यामुळं किती पेंड गेली ते त्याला दिसलं नाही. तात्या आपली म्हैस शोधत तिथं आले तेव्हा तिसरं पोतं संपत आलं होतं आणि म्हैस दारातून बाहेर निघण्याच्या मापाची राहिली नव्हती. ढोरांचा डॉक्टर आला. त्यानं नळी घातली. पुढं जे झालं ते गोदामाला चार दिवस वास होता एवढंच सांगतो.

"तुम्हीच म्हणला होता, तात्या. बाई असली तर..."

"बाई?" तात्यांचा आवाज फाटला. "अरे, जनावर आहे ते! आपणहून आत शिरलेल्याला कसल्या विनवण्या करतोस? सरळ गळ्यात दावं घालायचं! कुणाचं आहे विचारायचं, आणि ज्याचं आहे त्याच्या दारात नेऊन बांधायचं!"

केराप्पानं मान डोलावली. खुंटीवरचं दावं खांद्याला अडकवलं आणि पाठ केलं: "गळ्यात दावं, कुणाचं विचारलं, दारात बांधलं."

नवव्या दिवशी दूध संघाचे साहेब आले. वर्षातून एकदा यायचे, डेअरी तपासायला. गोरे, गुबगुबीत, घामानं डबडबलेले. सकाळचं दूध घालून लोक गेले होते, डेअरीचा भाग चालू होता. साहेबांना विचारायची सवय नव्हती. त्यांनी डेअरीचं दार ढकललं. भोंगा वाजला.

केराप्पा दावं घेऊन हजर झाला.

"तुम्ही कुणाचे?"

"मी? मी दूध संघाचा," साहेब रुबाबात म्हणाले.

"संघाचं दार कुठं आलं?"

"तालुक्याला. का?"

केराप्पानं दाव्याचा फास दोन्ही हातांनी वर उचलला. साहेबांना वाटलं, सत्कार आहे. त्यांनी हसून मान पुढं केली.

पुढचा अर्धा तास साहेब गावातून चालत होते. केराप्पा पुढं, दावं मध्ये, साहेब मागं. साहेब ओरडले की केराप्पा वळून त्यांच्या पाठीवर थोपटायचा. "हो, हो. आलंच घर." पोरं, बायका, कुत्री असा सगळा लवाजमा एसटीच्या थांब्यापर्यंत गेला. तिथं गाडी उभीच होती.

कंडक्टरनं विचारलं, "हे काय आहे?"

"संघाचं आहे. संघाच्या दारात बांधायचंय. एक तिकीट तालुका."

"दावं लावलेलं आत चालत नाही," कंडक्टर म्हणाला. "टपावर बांधा."

केराप्पा साहेबांना शिडीकडं वळवत होता, तेवढ्यात तात्या मोटारसायकलवरून आले. आले म्हणजे गाडी उभी करायच्या आधीच उतरले. गाडी पुढं जाऊन उसाच्या रसाच्या गुऱ्हाळात शिरली.

साहेबांची मान सोडवली, तिला लोणी लावलं, त्यांना नारळ दिला, शाल दिली.  साहेब वहीत लाल शाईनं बरंच लिहून गेले.

त्या दिवशी तात्या ओरडले नाहीत. ते केराप्पासमोर खाली बसले आणि हळू आवाजात बोलले. तेच जास्त भीतीचं होतं.

"केराप्पा, साहेबाला असं करत नाहीत. साहेब आला की उठून उभं राहायचं. खुर्ची द्यायची. चहा द्यायचा. काय हवं-नको विचारायचं. जे काम करायला आलेत ते करू द्यायचं, आणि आपण हाताखाली राहायचं."

"साहेब ओळखायचा कसा, तात्या?"

"पँट, शर्ट, हातात बॅग, खिशाला पेन. आणि कुणाला न विचारता दार ढकलतो, तो साहेब. आता परत चूक झाली तर खोली खाली करायची."

केराप्पानं मान डोलावली. जेवताना प्रत्येक घासाला तो पाठ करत होता: "खुर्ची दिली, चहा दिला, हाताखाली राहिला."

हौसा त्याच्या ताटात भाकरी टाकत म्हणाली, "ह्या वेळी तेवढं नीट करा हो. परत त्या पडवीत गेले तर मी जगायची नाही."

"तू काळजी करू नको," केराप्पा म्हणाला. "आता सगळं पाठ झालंय."

तेराव्या दिवशी तात्यांच्या पुतणीचं लग्न होतं, आठ मैलांवरच्या गावी. सगळं गाव ट्रॅक्टर-ट्रॉल्या भरून सकाळीच गेलं. हौसाही गेली. तिची इच्छा नव्हती, पण तात्यांच्या बायकोनं ओढून नेलं. केराप्पा एकटा राहिला. चारही पाट्यांवर लाल दिवे होते. त्यानं खुर्ची पुसून ठेवली, चहाचं आधण ठेवलं आणि वाट बघत बसला.

बाराच्या सुमाराला एक टेम्पो येऊन थांबला. त्यातून एक माणूस उतरला. पँट, शर्ट, हातात बॅग, खिशाला पेन. त्यानं इकडं-तिकडं बघितलं आणि कुणाला न विचारता डेअरीचं दार ढकललं. कुलूप होतं.

तो चोर होता. हे मी तुम्हाला सांगितलं, केराप्पाला कुणी सांगितलं नव्हतं.

केराप्पा ताडकन उठला. "नमस्कार, साहेब! बसा. चहा घ्या. काय हवं-नको?"

चोर पळणारच होता. त्यानं मागं वळून बघितलं. मागं कुणी नव्हतं. म्हणजे साहेब तोच. मग तो खुर्चीत बसला, चहा प्यायला आणि साखर कमी आहे म्हणाला. साखर आली.

"तपासायला आलोय," चोर म्हणाला. "भोंगा आहे का रे इथं?"

"आहे की. चार भागांत आहे. दार उघडलं की वाजतो."

"कुठं असतो तो?"

केराप्पानं बोट वर केलं. बाहेरच्या भिंतीवर, छताखाली, भोंगा लटकत होता.

"आणि हा कुठल्या भागात येतो?"

केराप्पानं विचार केला. डेअरीत येतो का? नाही. गोदामात? नाही. कांडपात नाही, वाचनालयात नाही. भोंगा तर बाहेर होता.

"कुठल्याच नाही, साहेब."

"म्हणजे तो तू राखायचा नाहीस."

"नाही." केराप्पाला एकदम हलकं वाटलं. त्याच्या डोक्यात हे कधी आलंच नव्हतं. साहेब तो साहेब.

"तपासायला न्यावा लागेल. शिडी आण."

शिडी केराप्पानं आणली. धरलीही त्यानंच. तारा तोडून भोंगा खाली आला आणि टेम्पोत गेला.

"आता एकेक दार उघडून बघतो," चोर बॅगेतून लोखंडी पहार काढत म्हणाला. "भोंगा वाजला तर मला धर."

"वाजला तर सोडणार नाही, साहेब," केराप्पा म्हणाला. "मग तुम्ही साहेब असला तरी."

"शाबास."

डेअरीचं कुलूप तुटलं. केराप्पा कान देऊन उभा राहिला. चिमणीचा आवाज आला. भोंग्याचा आला नाही.

"वाजला नाही," तो सुटकेनं म्हणाला.

"म्हणजे काही गडबड नाही. चल, हे यंत्र धर त्या बाजूनं."

केराप्पा हाताखाली राहिला. डेअरीतलं फॅट काढायचं यंत्र आणि दुधाचे कॅन गेले. गोदामातली युरियाची पोती गेली. कांडपातली तिखटाची पिंपं गेली. वाचनालयातून पंखे, घड्याळ आणि गुरुजींची आरामखुर्ची गेली. प्रत्येक दाराशी केराप्पा कान देत होता आणि प्रत्येक दाराशी त्याला बरं वाटत होतं. फक्त एका बाबतीत तो साहेबांनाही बधला नाही. टेम्पोत त्यानं चार कोपरे केले. दूध ह्या कोपऱ्यात, युरिया त्या कोपऱ्यात, तिखट वेगळं, वाचनालय वेगळं.

"एकत्र नाही ठेवायचं, साहेब. वाटण्या झाल्यात."

"बरोबर आहे तुझं," चोर म्हणाला. तो आता खुर्चीत बसूनच सांगत होता. "आणि ती मागची खोली?"

"ती माझी." केराप्पाचा आवाज उतरला. "ती कुठल्याच भागात नाही. चौघांना भाग मिळाला, तिला कुणी विचारलं नाही."

"असं कसं? आजपासून ती पाचवा भाग."

 इतकी वर्षं लोकांनी केराप्पाला काय करायचं ते सांगितलं होतं, दिलं कुणी काही नव्हतं. तो धावत गेला आणि स्वतःच्या हातानं हंडा, कळशी, परात, हौसाची ट्रंक, अंथरुणं असं सगळं घेऊन आला. टेम्पोच्या मधोमध पाचवी जागा केली. टेम्पो निघाला तेव्हा त्यानं सलाम ठोकला.

फाट्याच्या अलीकडं रस्त्यात एक खड्डा आहे. टेम्पो त्यात आदळला. भोंग्याच्या पोटात छोटी बॅटरी होती. तिची तार हिसक्यानं कशाला तरी टेकली आणि भोंगा वाजायला लागला. चोरानं उतरून लाथा घातल्या, वर अंथरूण टाकलं, भोंगा थांबेना, मग टेम्पो तसाच पुढं हाकला. फाट्यावर हवालदार भोईटे उभे होते. त्यांनी काठी आडवी घातली, ताडपत्री उचलली, तारा उपटून भोंगा गप्प केला आणि चोराची कॉलर धरली.

"कुठनं उचललंस हे?"

 कॅनवर सोसायटीचं नाव होतं. भोईट्यांनी टेम्पो फिरवला आणि इमारतीसमोर आणून उभा केला.

केराप्पा खुर्ची घेऊन पुढं आला. "साहेब, परत आला? काय राहिलं का?"

"खुर्ची ठेव बाजूला," भोईटे म्हणाले. "टेम्पोत चढ आणि सांग, हा माल तुमचाच ना?"

केराप्पा चढला. आत बघून त्याचे डोळे विस्फारले. खड्ड्यानं सगळं एक केलं होतं. युरियाची पोती फुटली होती. तिखटाचं पिंप आडवं झालं होतं. कॅन गुरुजींच्या खुर्चीत बसले होते आणि पंख्याची पाती पोत्यात रुतली होती. सगळ्यावर लाल-पांढरा थर.

त्यानं एक टोक बघितलं, दुसरं बघितलं, वाकून खालचंही बघितलं.

"नाही," तो म्हणाला.

चोरानं मान वर केली.

"काय नाही?" भोईटे म्हणाले.

"आमचा माल नाही हा."

"अरे, कॅनवर नाव आहे!"

"असेल. पण आमच्या मालाच्या वाटण्या झाल्यात, हवालदारसाहेब. आमचं दूध वेगळं, युरिया वेगळा, तिखट वेगळं, वाचनालय वेगळं. आत्ताच मी माझ्या हातानं चार कोपऱ्यांत लावून दिलंय. हे तर सगळं एकत्र नांदतंय. हे दुसऱ्या कुणाचं तरी आहे."

"आणि हा भोंगा?"

"आमचा भोंगा वर असतो." केराप्पानं रिकाम्या भिंतीकडं बोट दाखवलं. "हा खाली आहे."

"मग ही कुलपं कशी तुटली?"

"साहेबांनी तपासली. मी इथंच होतो. भोंगा वाजला असता तर धरणारच होतो. नाही वाजला."

भोईट्यांनी घड्याळ बघितलं. त्यांनाही त्याच लग्नाचं आवतण होतं आणि पंगती उठत आल्या असणार. त्यांनी जबाब लिहिला: माल आमचा नाही, काही चोरीला गेलेलं नाही, कुणाबद्दल तक्रार नाही. खाली केराप्पाची सही घेतली. चोराची कॉलर सोडली, वर तिची घडी नीट केली.

"माफ करा, साहेब. आमची ड्यूटी असते."

"असू दे, असू दे," चोर म्हणाला. तो घाईनं टेम्पोत चढला.

टेम्पो चालू होईना. मग एका बाजूनं केराप्पानं आणि दुसऱ्या बाजूनं हवालदारांनी धक्का दिला.

दुपार कलताना गाव लग्नाहून परत येत होतं. ओढ्याच्या अरुंद पुलावर समोरून एक टेम्पो आला. तात्या जेवून खुशीत होते. त्यांनी आपला ट्रॅक्टर मागं घ्यायला लावला आणि टेम्पोला वाट दिली. टेम्पोवाल्यानं हात वर करून आभार मानले. तात्यांनीही हात केला.

इमारतीशी आले तर चारही दारं सताड उघडी. सुलोचनाक्का कांडपात गेल्या आणि ओरडत बाहेर आल्या. गुरुजी वर गेले आणि आरामखुर्ची होती तिथं जमिनीवर बसले.  तात्या पायरीवर बसले आणि त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला.

हौसा मागं धावली. खोलीत चार निळ्या भिंती होत्या. बाकी काही नव्हतं.

ती पळत पुढं आली आणि तिनं नवऱ्याचे दोन्ही खांदे धरले.

"अहो, आपला हंडा कुठंय? माझी ट्रंक? माझ्या आईनं दिलेली परात?"

"परात?" केराप्पानं डोकं खाजवलं. "तसलीच एक आत्ता बघितली मी. टेम्पोत होती. काठावर तुझं नावपण घातलं होतं, हौसा."

"मग घेतली का नाही हो?"

"ती आपली नव्हती गं," केराप्पा म्हणाला. "तिच्यात युरिया होता."